साठी, बुद्धी आणि आमची आजी

अकरावीच्या वार्षिक परीक्षेत ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करावयाचा होता. मी वेळ न दवडता आमच्या आजीवरच वाक्य केले. महिन्यापूर्वी शिमग्याला तिने पुरणाची डाळ बिघडवली होती, ते उदाहरण ताजे होते. पूर्ण गुण मिळाले. ही २०२३ सालची गोष्ट. आज ते वाक्य आठवले म्हणजे मान खाली जाते; कारण ज्याला मी म्हण लावली तो आजार होता, आणि तो तेव्हा निदान दीड वर्ष आमच्या घरात वस्तीला होता.

वैद्यकातले मला काही कळते असा आव मी आणणार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कोणाला काही झाले की ‘तू शिकलीयास, बघ की पुस्तकात’ असे मलाच सांगतात. म्हणून बघितले. ग्रंथालयात बघितले, मानसशास्त्राच्या सरांना विचारले, आणि पुढे तज्ज्ञ डॉक्टरांसमोर बसून त्यांनाही प्रश्न विचारून भंडावले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडते. आजीची अब्रू चव्हाट्यावर आणते आहे असे कोणी समजू नये. वडिलांना विचारूनच लिहिते आहे.

आधी त्या डाळीविषयी. ज्यांनी कधी पुरण केले नाही त्यांच्यासाठी (यात आमच्या वर्गातले झाडून सारे मुलगे आले) सांगते, की हरभऱ्याची डाळ आधी बोटचेपी शिजवावी लागते, मग वरचे पाणी म्हणजे कट काढून घ्यायचा, आणि त्यानंतर गूळ घालून पुरण आटवायचे. गूळ आधी पडला तर डाळ कितीही वेळ चुलीवर ठेवा, शिजत नाही. ही गोष्ट आजीनेच माझ्या आईला आणि आईने मला शिकवली. त्या दिवशी आजीने कच्च्या डाळीतच गूळ घातला. दुपार झाली तरी डाळ टणक. कट नाही म्हणून कटाची आमटीही नाही. आजी चुलीपुढे बसून जाळ घालीत होती आणि ‘डाळच खोटी दिली मेल्या दुकानदारानं’ म्हणून चिडत होती. आम्ही हसलो. वडील म्हणाले, ‘वय झालं आता आईचं.’ आणि विषय संपला.

तो तेथे संपायला नको होता. वयपरत्वे विसरणे आणि आजाराने विसरणे यांतील सीमारेषा अशाच एखाद्या डाळीत सापडते. म्हातारपणी मिठाचा अंदाज चुकतो, नाव ओठावर येऊन अडते, चष्मा कपाळावर असताना घरभर शोधला जातो. यात घाबरण्यासारखे काही नाही. थोड्या वेळाने आठवते, आणि आपण विसरलो होतो हेही माणसाला कळते. परंतु पन्नास वर्षे हातात बसलेल्या कामाचा क्रमच मोडला, आणि मोडला हे करणाऱ्याच्या ध्यानातही आले नाही, तर ती गोष्ट वेगळी. स्मृतिभ्रंश या शब्दामुळे हा केवळ आठवणीचा आजार वाटतो. पण कामाची आखणी, हिशेब, भाषा, दिशा, पारख, स्वभाव यांपैकी काहीही त्यात ढासळू शकते, आणि रोजचा व्यवहार अडेल इतके ढासळते. डॉक्टर त्यास डिमेन्शिया म्हणतात. हा एकच रोग नव्हे. ताप जसा अनेक रोगांत येतो तसा हा लक्षणांचा समूह अनेक कारणांनी येतो. त्यांतले सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा आजार.

आमची आजी निरक्षर आहे. पण आठवडी बाजारात अंडी, शेवगा, मेथी विकताना तिचा तोंडी हिशेब असा, की समोरचा गिऱ्हाईक मोबाइलमध्ये आकडे दाबीपर्यंत हिने सुटे पैसे त्याच्या हातावर ठेवलेले असत. २०२१ च्या दिवाळीनंतर बाजारातून येताना तिची पिशवी हलकी येऊ लागली. माल विकलेला, पैसे कमी. एकाच गिऱ्हाइकाला दोनदा मोड दिली जाई. ही गोष्ट पहिल्यांदा माझ्या आईच्या लक्षात आली, कारण बाजाराचे पैसे मोजून डब्यात ठेवणे तिच्याकडे होते. तिने वडिलांना सांगितले. वडिलांना वाटले, सुनेला सासूचे पैसे कमी पडतात असे दिसते! आई गप्प बसली.

पुढचे तर तिलाच भोवले. २०२३ च्या पोळ्याला आजीच्या सोन्याच्या पुतळ्यांची माळ सापडेना. आजीने सरळ आईचे नाव घेतले. ‘हिनंच माहेराला धाडल्या,’ असे ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली. गावात अशा बातमीला पाय नव्हे, पंख असतात. माझी आत्या तडक निघून आली, दोन दिवस राहिली आणि आईशी न बोलता गेली. महिन्याभराने ज्वारीच्या कणगीत हात घातला तर चिंधीत बांधलेली माळ वर आली. आजीनेच ती तेथे लपवली होती. पण तिला तसे काही आठवेना. ती म्हणाली, ‘भ्याली म्हणून परत आणून ठिवली.’

आता विचार केला म्हणजे यातील यंत्रणा ध्यानात येते. आपण वस्तू कोठे ठेवली हे विसरलो, तर ‘मी विसरलो’ असे म्हणता येते. पण ठेवल्याची आठवण मुळात मेंदूत नोंदलीच गेली नसेल, तर माणसाच्या दृष्टीने वस्तू आपोआप नाहीशी झालेली असते. मग ती कोणीतरी घेतली हाच तर्क उरतो. आणि घरात सर्वांत जवळ वावरणारे जे माणूस असेल त्याच्यावर आळ येतो. चोरीचा संशय हे या आजाराचे फार आढळणारे लक्षण आहे. हे आम्हांला त्या वेळी माहीत असते तर आईचे ते वर्ष तसे गेले नसते.

या आजाराचा इतिहासही संशयापासूनच सुरू होतो. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिचा नवरा रेल्वेत कारकून होता. बाईने त्याच्यावर परस्त्रीचा संशय घ्यायला सुरुवात केली होती. मग स्वयंपाक चुकू लागला, वस्तू लपविल्या जाऊ लागल्या, घरातल्या घरात ती भांबावू लागली. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचे नाव अलॉइस अल्झायमर. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली, तेव्हा म्युनिकला गेलेल्या अल्झायमरनी तिचा मेंदू मागवून घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या मधल्या जागेत साचलेली पुटे आणि पेशींच्या आत पिळलेल्या धाग्यांच्या गुंतवळी त्यांना दिसल्या. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडले. श्रोत्यांपैकी कोणी एक प्रश्नही विचारला नाही असे सांगतात. १९१० साली क्रेपेलिन या त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने आपल्या ग्रंथात आजाराला अल्झायमरचे नाव दिले. ती पुटे ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाची आणि त्या गुंतवळी टाऊ नावाच्या प्रथिनाच्या, हे आता ठाऊक झाले आहे. ही घाण लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून साचत असते. म्हणजे आजी पुरण चोख करीत होती तेव्हाही आतून सुरुवात झालेली असणार.

बी. ए. च्या पहिल्या वर्षाला सरांनी स्मृतीचे प्रकरण शिकवले, त्या तासाला माझे लक्ष प्रथमच आजीकडे वेगळ्या रीतीने गेले. मेंदूत खोलवर, दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला, समुद्रघोड्याच्या आकाराचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नवी आठवण पक्की होण्यास त्याची गरज लागते, आणि अल्झायमरमध्ये बहुधा हाच भाग लवकर झिजतो. जुन्या, पुनःपुन्हा उजळलेल्या आठवणी अन्यत्र पसरलेल्या असल्यामुळे त्या पुष्कळ काळ टिकतात. मला उलगडा झाला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीआधीच्या त्या सरकारी कामांवर खडी फोडायला गेलेली आजी सुकडीची चव सांगते, मिलोच्या लाल भाकरीला नावे ठेवते, मुकादमाच्या बोलण्याची नक्कल करते. आणि हे सांगून झाल्यावर विचारते, ‘आज मला कुणी जेवाया वाढलं न्हाई व्हय?’ ताट अजून मोरीत ओले असते. आम्ही म्हणायचो, जुने सारे लख्ख आठवते, तेव्हा हिला काही झालेले नाही, ढोंग आहे. जुने आठवणे हा बरे असल्याचा पुरावा नव्हे, हे पहिले ध्यानात घ्यावे. तीच ती गोष्ट पाच मिनिटांत चौथ्यांदा विचारली जाते का, आजचे सकाळचे दुपारी उरते का, हे पाहावे.

हातांची स्मृती तर आणखी वेगळी. आजीच्या तोंडून ‘तांब्या’ हा शब्द येईना, ती ‘ते पाणी प्यायाचं’ म्हणू लागली. पण भाकरी थापताना बोटे चुकत नव्हती. त्यामुळेही घरचे फसतात.

बाकीची लक्षणे थोडक्यात सांगते. रोजच्या वाटेवर चुकणे हे फार महत्त्वाचे. २०२४ च्या ज्वारीच्या काढणीत आजी मळ्यातून घरी निघाली आणि उलट्या दिशेच्या वस्तीवर जाऊन बसली. पन्नास वर्षांची पायवाट ती. वेळेचे भान जाणे. पहाट समजून रात्री दोन वाजता सडा घालायला उठणे. दिवेलागणीला जीव कासावीस होणे आणि आपल्याच घरात बसून ‘मला घरी जायाचंय’ म्हणणे. एरवी माणसांत रमणाऱ्याने कोपरा धरणे, कशातच मन न लागणे. हे लक्षण आळस किंवा रुसवा म्हणून हमखास सुटते. काहींच्या बाबतीत विसर पडण्याआधी स्वभावच पालटतो, सभ्य माणूस अर्वाच्य बोलू लागतो. काहींना नसलेली माणसे, जनावरे दिसतात. अर्धांगाच्या झटक्यानंतर येणारा प्रकार पायऱ्या उतरल्यासारखा येतो, झटक्यासरशी एकदम खाली आणि मग काही काळ स्थिर.

मात्र अचानक आलेला भ्रम हा स्मृतिभ्रंश समजू नये. काल संध्याकाळपर्यंत ठीक असलेले म्हातारे माणूस आज बरळू लागले, झोपाळल्यासारखे झाले, क्षणात शुद्धीवर क्षणात नाही असे झाले, तर लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, शरीरातले पाणी वा सोडियम कमी होणे, एखादे नवे औषध अशी कारणे असू शकतात. ती तातडीची बाब आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आमच्या आळीतील एक आजोबा न्हाणीत घसरून पडले आणि तीन-चार आठवड्यांनी नातवंडांना ओळखेनासे झाले. ‘चळ लागला’ असे सगळे म्हणाले. डोक्याच्या तपासणीत कवटीखाली रक्त साकळलेले आढळले, शस्त्रक्रिया झाली, आणि ते आजोबा आज पारावर पत्ते खेळतात. थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, मनाचे औदासीन्य, झोपेच्या गोळ्या यांनीही विस्मरण येते आणि उपचाराने सुधारू शकते. ऐकू कमी येणाऱ्याला तर आपण उगाचच वेडे ठरवितो. ‘वय झालं’ हे दोन शब्द उच्चारले की या सर्व वाटा बंद होतात. आम्हांला ते दोन शब्द एका डॉक्टरांनीही ऐकवले होते, वर एक टॉनिक लिहून दिले होते. टॉनिक गोड होते, आजीने ते आवडीने घेतले.

शेवटी २०२५ च्या जानेवारीत जिल्ह्याच्या गावी मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. तेथे एक मजेदार अडचण उभी राहिली. तेथील मदतनीस मुलाने छापील प्रश्नपत्रिका काढली. आज तारीख किती? शंभरातून सात वजा करत जा. हे वाक्य वाचा आणि तसे करा. एक वाक्य लिहा. घड्याळ काढा. आजीला जन्मात तारीख लागली नाही, तिला एकादशी लागते. घड्याळ तिने वाचलेच नव्हते तर काढणार कोठून? अशाने आमच्या गावातल्या निम्म्या बायका बुद्धिभ्रष्ट ठरतील, असे मी रागाने म्हणाले. डॉक्टर बाहेर आले, हसले, आणि मला खुर्ची देऊन त्यांनी समजावून सांगितले, की ही शंका संशोधकांनाही आली होती. मूळ चाचणी अमेरिकेत १९७५ साली तयार झालेली. हरियाणातील बल्लभगढ भागात ग्रामीण वृद्धांचा अभ्यास करताना ती निरुपयोगी ठरू लागली, म्हणून १९९० च्या दशकात तिचे निरक्षरांसाठी हिंदी रूप तयार केले गेले. त्यात सकाळ, दुपार की संध्याकाळ असे विचारतात. वाचायला लावण्याऐवजी ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा’ म्हणून डोळे मिटून दाखवतात. लिहिण्याऐवजी घराविषयी काहीतरी बोलायला सांगतात. आठवड्याचे वार उलटे म्हणवतात. तसेच प्रश्न त्यांनी मग मराठीतून आजीला विचारले. भर दुपारी आजी म्हणाली, ‘सांज झाली की.’ तीन वस्तूंची नावे सांगून थोड्या वेळाने विचारली, एकही आली नाही. वार ती सरळही पुरे म्हणू शकली नाही. आणि गुरुवारच्या उपासाचे नाव घेऊन बोलणे दुसरीकडेच नेले. झाकून नेण्याचे हे कसब फार काळ टिकते, डॉक्टर म्हणाले.

पण मला सांगायचे आहे ते यानंतरचे. डॉक्टरांनी विचारले, ‘घरी यांच्याबरोबर दिवसभर कोण असतं?’ वडिलांनी आईकडे बोट केले. डॉक्टर वडिलांकडे पाठ करून आईसमोर बसले आणि म्हणाले, ‘तुम्ही सांगा, पहिल्यांदा काय वेगळं दिसलं?’ आणि आई बोलू लागली. बाजारातली मोड. भांडे करपणे. एकच लुगडे पुनःपुन्हा धुणे. पुतळ्यांच्या आधी दोनदा हरवून सापडलेली चंची. रात्रीचे उठणे. कोणत्या सणाच्या आधी काय आणि नंतर काय, हे सगळे तिने क्रमाने सांगितले, कोठेही न अडखळता. वडील खाली बघत होते. मीही. आम्ही दोघे ज्याला सासूसुनेचे भांडण म्हणत होतो, तो तीन वर्षांचा काटेकोर वृत्तांत होता. डॉक्टर म्हणाले, रक्ततपासणी आणि फोटो काढूच, परंतु निदानाचा अर्धा भाग यांनी सांगितला. असल्या आजारात रुग्णाला स्वतःचे सांगता येत नाही. म्हणून बरोबर राहणाऱ्याचे ऐकणे हेच मोठे साधन असते. आणि आपल्या घरांतून बरोबर राहणारी असते ती सून. तिने सासूबद्दल काही सांगितले तर ते कान भरणे ठरते! आजाराची चाहूल जिला सर्वांत आधी लागते तिच्याच शब्दाला घरात सर्वांत कमी किंमत. आमच्याकडे निदानाला जो उशीर झाला तो यामुळे.

कणगीतली माळ सापडली त्या दिवशीदेखील आम्ही आईची क्षमा मागितली नव्हती. दवाखान्यातून परतताना एस. टी. त वडील आईच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसले. काय बोलले ते मला ऐकू आले नाही.

तपासण्यांत थायरॉइड, बी-१२ ठीक निघाले. मेंदूच्या फोटोत झीज दिसली. अल्झायमर असावा असे निदान झाले. तो मुळापासून बरा करणारे औषध नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काहींची लक्षणे काही काळ सावरतात. आजीची चिडचिड थोडी कमी झाली. आपल्या देशात ६० वर्षांवरील शंभरांत सुमारे सात जणांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना हा विकार असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ साली टाळता येण्यासारखी चौदा कारणे सांगितली. रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर, बहिरेपणाकडे दुर्लक्ष, एकटेपणा ही त्यांतली काही. आणि लहानपणी शाळा न मिळणे हेही त्या यादीत आहे. आजीला शाळेत घातले नव्हते, धाकट्या भावंडांना सांभाळायला ठेवले होते. ती यादी वाचताना मी बराच वेळ ग्रंथालयातच बसून राहिले.

घरी आता वाद घालणे बंद झाले आहे. ‘जेवलीस की गं आत्ता’ असे म्हणण्याऐवजी आई मूठभर चुरमुरे पुढे ठेवते. दिवेलागणीला आजी घरी जायचे म्हणू लागली की आई ‘चला आत्या, सोडते तुम्हांला’ म्हणून तिचा हात धरते, परड्याला एक फेरी घालते, आणि पुढच्या दाराने आत आणते. ‘आलं बघा घर.’ आजी बसते. आत्याला सगळे समजावून सांगितले. ती आता महिन्यातून चार दिवस येऊन राहते, तेवढे दिवस आईला रात्रीची झोप मिळते. आजीच्या पोलक्याच्या आतल्या बाजूला वडिलांचा नंबर शिवला आहे.

मी एक वही केली आहे. आई सांगते आणि मी तारीख घालून लिहिते. सहा महिन्यांनी डॉक्टर ती आधी वाचतात, मग आजीला बघतात. या खेपेला दोन नोंदी नव्या आहेत. वडिलांना ती ‘दादा’ म्हणून, तिच्या भावाच्या नावाने हाक मारते. भाकरी अजून थापते. पिठात पाणी किती घालायचे ते मात्र आई शेजारी बसून सांगते.